पंक्चरच्या दुकानातली स्कुबा विंग

अकोल्यात आमचं सायकल पंक्चरचं दुकान आहे. अब्बा ते अजूनही चालवतात. मी अमरावतीला नोकरीला असलो, तरी सुट्टीत त्या दुकानात बसल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या हिवाळ्यात तिथे दुरुस्तीला एक वस्तू आली. आमच्या खारपाणपट्ट्यात ती याआधी कुणी पाहिली असेल असं वाटत नाही.

माझा आतेभाऊ मस्कतला असतो. तिथे तो स्कुबा शिकला. सुट्टीत मालवणला जाऊन डुबकी मारायची म्हणून त्याने एक जुनी विंग आणली होती. विंग म्हणजे पाठ आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारी, घोड्याच्या नालेसारखी हवेची पिशवी. हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. या विंगेला कडेकडेने इलॅस्टिकची जाड दोरी ओवलेली होती.

"मामू, कहीं से हवा निकल रही, देखो ना."

अब्बांनी विंग फुगवून अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात बुडवली. मागच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले. व्हॉल्व्ह खोलला, तर रबरी चकतीखाली वाळूचा कण अडकलेला. तो काढला आणि गळती थांबली. पण अब्बांची नजर दोरीवर होती. "ये रबर कायको?"

आतेभावाने फायदे सांगितले. हवा कमी असली की दोरी पिशवीला आवळून धरते, त्यामुळे ती पाण्यात फडफडत नाही. शिवाय वर येताना हवा लवकर सोडावी लागते, कारण १० मीटरवरची हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट फुगते. दोरीच्या दाबाने ती झटकन निघते. दोन्ही मुद्दे खरे होते.

अब्बांनी विंग थोडी फुगवून पिंपात धरली, नळीचं तोंड खाली वळवलं आणि बटण दाबायला सांगितलं. हवा भसाभस बाहेर आली. मग दोरी काढून तेच पुन्हा केलं. या वेळी हवा वरच्या भागात जमून राहिली, खालच्या तोंडातून फारशी आलीच नाही.

ट्यूब घेऊन आलेला एक शेतकरी हे सगळं पाहत उभा होता. त्याने विचारलं, "चाचा, हे काय होय?" अब्बा त्याला वऱ्हाडीत म्हणाले, "हे रबर हवेले दाबून रायलं. नळी फाटली का सारी हवा बाहीर जाईन."

दोरीशिवायच्या विंगेला खालच्या बाजूला भोक पडलं, तर वरच्या भागातली हवा तरी हाताशी राहते. दोरी असली की तीच हवा बाहेर ढकलते. पुढे आतेभावाने तोंडाने फुंकून पाहिलं. सिलिंडरची जोडणी बंद पडली तर हाच उपाय उरतो. दोरी लावल्यावर त्याला फुंकायला चांगलाच जोर लागला. घड्यांमध्ये हवा अडकून दोन बाजू कमीजास्त फुगल्या, ते वेगळंच. पिशवी आवळल्याने सुरकुत्या पडतात, त्यामुळे पाणी कापताना अडथळा कमी होतो असंही ठामपणे म्हणता येत नाही.

मग मूळ चूक कळली. विंग होती २७ किलो उचलणारी, जोडसिलिंडरसाठी केलेली. हा नेणार होता एकच सिलिंडर. नेहमीच्या सिलिंडरमधल्या हवेचं वजन साधारण अडीच किलो, आणि मालवणच्या कोमट पाण्यात पातळ सूट पुरतो. एका सिलिंडरला १३ ते १८ किलोची विंग भरपूर होते. म्हणजे मोठ्या मापाची पिशवी घ्यायची आणि मग ती दोरीने आवळायची, असा प्रकार झाला होता.

"सही नाप की लो," अब्बा म्हणाले. आतेभावाने विचारलं, उद्या पिशवीलाच भोक पडलं तर पॅच लावून द्याल का? अब्बांनी साफ नकार दिला. सायकल बसली तर माणूस पायी घरी येतो, समुद्रात तसं नाही. पिशवी बदलायची, जोडायची नाही. आणि एकाच पिशवीच्या भरवशावर इतकं वजन बांधू नये, की ती फुटल्यावर पाय मारून वर येता येणार नाही.

हल्ली 'पंक्चरवाला' हा शब्द आमच्यासारख्यांना हिणवायला वापरतात. कॉलेजात असताना मीही फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'व्यापार' असा लिहायचो. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली. अब्बांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. पण हवा कुठून निघते, का निघते आणि कुठल्या भोकावर पॅच लावायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आतेभावाने ती विंग विकली आणि विनादोरीची लहान विंग घेतली. जानेवारीत आम्ही दोघे मालवणला गेलो. तो पाण्यात असताना मी बोटीवर बसून त्याचे बुडबुडे मोजत होतो. वर आल्यावर त्याने मास्क काढला आणि पहिलं म्हणाला, "मामू को फोन लगा."