हॉट रॉडच्या मागची ट्रॉली

परदेशात राहणाऱ्या मुलींना एक काळजी कायम असते. आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात, देऊळ होतं, मॉल होतो, नायगारा होतो, आणि मग दिवस खायला उठतो. आपण ऑफिसात, मुलं शाळेत, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझे वडील, आण्णा, गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे कोलंबसला आले, तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. गावी एकटे नकोत म्हणून आम्ही त्यांना आग्रहाने बोलावलं. इथे मात्र ते जास्तच एकटे दिसायला लागले. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसायचे. कुठे जायचं नाही, तरी तयार.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. सगळा ऊसपट्टा. आण्णांनी चाळीस वर्षं वेल्डिंगचं वर्कशॉप चालवलं. आधी बैलांच्या टायरगाड्या केल्या, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन महिने आमच्या घरात कुणी वेळेवर जेवत नसे. वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी वर्कशॉप पुतण्याच्या हवाली केलं. अशा माणसाला ओहायोतल्या दिवाणखान्यात बसवून टीव्हीचा रिमोट हातात देणं बरं नाही, हे मलाही दिसत होतं. पण देणार तरी काय?

काम मिळालं ते शेजारून.

आमच्या शेजारी एक अमेरिकन जोडपं राहतं. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. आम्ही घरात आपापसांत त्यांना काका-काकूच म्हणतो. काकांच्या गॅरेजमध्ये एक लाल गाडी आहे, १९३२ सालची फोर्ड कूप. तिला इथे हॉट रॉड म्हणतात. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फोर्डने १९३२ मध्ये साध्या माणसाला परवडेल अशा मोटारीत पहिल्यांदा आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं. या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळायला लागल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, जास्तीचं वजन उतरवलं, इंजिनं घरीच सुधारली आणि वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर त्या पळवायला सुरुवात केली. तिथल्या शर्यतींच्या वेळा नोंदवणारी त्यांची संघटना १९३७ मध्ये उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांनी हे वेड देशभर नेलं आणि १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ याच नावाचं मासिकही निघालं. बत्तीस सालच्या फोर्डला या मंडळींत मोठा मान. तिला लाडाने ‘ड्यूस’ म्हणतात. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री, बत्तीसमधल्या दोनावरून.

काकांनी त्यांची ड्यूस स्वतःच्या हाताने आठ-नऊ वर्षं खपून उभी केली आणि तिची सीट काकूंनी शिवली. पूर्वी दोघं दर उन्हाळ्यात तिच्यातून केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला जायचे. तिथे अशा गाड्यांचा मोठा मेळा भरतो. तीन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू कमजोर झाली, व्हीलचेअर आली आणि लुईव्हिल बंद पडलं.

अडचण साधी होती. गाडीत दोनच माणसं बसतात. मागे टपाखाली सामानाला जागा आहे, पण घडी केलेली व्हीलचेअरही तिच्यात मावत नाही. मुलगा म्हणाला, माझी मोठी व्हॅन घेऊन जा. काकूंनी साफ नकार दिला. व्हॅनमधून दवाखान्यात जातात, लुईव्हिलला नाही, असं त्या म्हणाल्याचं काकांनी मला कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. आणि त्यांच्याशिवाय एकटं जायला काका तयार नव्हते. म्हणून त्यांनी ठरवलं, गाडीच्या मागे लावायला छोटी सामानाची ट्रॉली बनवायची.

अशा ट्रॉल्यांची इथे जुनी परंपरा आहे. आमच्या ओहायोतल्याच सेलम गावच्या मलिन्स कंपनीने १९३६-३७ च्या सुमारास मोटारीमागे जोडायची पत्र्याची, गोलसर पाठीची छोटी सामानगाडी काढली होती. आज ती हॉट रॉडवाल्यांना फार प्रिय आहे. अस्सल मिळाली तर महाग, म्हणून फायबरच्या नकलाही विकल्या जातात. काकांना विकतची नको होती. गाडी घरी केली, तर तिच्यामागचं घरीच व्हायला हवं, हा त्यांचा हट्ट. मला तो पटला. आमच्या यजमानांना पटला नाही, ते म्हणाले, भाड्याने घ्या की एक!

एप्रिलच्या एका दुपारी शेजारून वेल्डिंगचा आवाज आला आणि आण्णा खिडकीतून उठले. चपला घातल्या, थेट काकांच्या गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहिले. मी घाईने मागोमाग गेले. आण्णांचं इंग्रजी ‘यस’, ‘नो’ आणि ‘व्हेरी गुड’ एवढंच, आणि काकांना मराठीचा गंध नाही. आण्णा जमिनीवर मांडलेल्या चौकटीभोवती एक फेरी मारून आले. मग खिशातून सुतळी काढली, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरली, मग दुसरे दोन कोपरे धरले. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे चौकट काटकोनात. काका हसले आणि त्यांनी दुसरा हेल्मेट-चष्मा पुढे केला. त्या दिवशी आण्णा संध्याकाळी सात वाजता घरी आले, हात काळे, आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ट्रॉली अगदी लहान होती. चार फूट रुंद, पाच फूट लांब, पुढे पाच फुटांची दांडी. दोन इंची चौकोनी पाइपाची चौकट, खाली एक आस, दोन बाजूंना पाटे. काकांनी चाकं मुद्दाम गाडीच्या पुढच्या चाकांच्याच मापाची घेतली, हबही त्याच बोल्टांचे. म्हणजे गाडीला आणि ट्रॉलीला मिळून एकच स्टेपनी पुरते. आण्णांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी रात्री पुतण्याला फोन करून सांगितली. काकांचं वेल्डिंग तारेचं, आपल्याकडे ज्याला सीओटू म्हणतात ते. आण्णांचा सगळा जन्म कांडीवर गेलेला. चार दिवस भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवल्यावरच त्यांनी चौकटीला हात लावला.

खरी गंमत मे महिन्यात झाली.

काकांच्या आराखड्यात आस बरोबर मध्यावर होती, आणि व्हीलचेअर मागच्या दारातून आत सरकवायची होती. आस अजून नुसत्या टाक्यांवर होती, पक्कं वेल्डिंग बाकी. काकांनी तालीम म्हणून सगळं सामान नियोजनाप्रमाणे रचलं. खुर्ची मागे, हत्यारांची पेटी, बर्फाचा डबा, छत्री, दुमडत्या खुर्च्या, पेटीच्या पत्र्याचं वजन धरून थोडं लोखंड. एकूण २७० किलोच्या आसपास. आण्णांनी दांडीचं टोक हाताने उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आणि म्हणाले, “ही गाडी उलाळ हाय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या लेकीकडे. ती तेरा वर्षांची, दुभाषी म्हणून आलेली. तिला हा शब्द कुठून माहीत असणार? मलाच तो पंचवीस वर्षांनी ऐकू येत होता.

बैलगाडीत भार मागे जास्त झाला की गाडी मागे कलते, पुढची बाजू वर उठते. ती उलाळ. मग जू बैलांच्या मानेवरून वर ओढलं जातं आणि गळ्याला फास बसतो. भार पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड. तेव्हा सगळं ओझं बैलांच्या खांद्यावर. चांगला गाडीवान भार असा रचतो की गाडी किंचित धुरजड राहील, पण बैल वाकणार नाही. आण्णांनी हे गॅरेजच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. बैल काढले, शिंगांसकट. लेकीने जमेल तसं इंग्रजी केलं.

काका काही न बोलता घरात गेले आणि बाथरूममधला वजनकाटा घेऊन आले. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला, त्यावर दांडीचं टोक. काटा ३४ पौंडांवर थांबला, म्हणजे साधारण १५ किलो. मग त्यांनी भिंतीवरची वही काढली. त्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीच्या टोकावर हवा. म्हणजे किमान २७ किलो. नियम त्यांना पाठ होता. मागून दार हवं या नादात खुर्ची मागे गेली होती, एवढंच. हा भार कमी पडला तर हायवेच्या वेगात ट्रॉली मागून शेपटीसारखी डुलायला लागते, आणि ड्यूससारखी हलकी गाडी त्या हेलकाव्याने भरकटते. बैलाच्या गळ्याला फास बसतो तो इथे असा.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून दोन गोष्टी बदलल्या. टाके तोडून आस चार इंच मागे नेली. आणि दार मागून काढून उजव्या बाजूला, चाकाच्या पुढे आणलं. हे दाराचं आण्णांना सुचलं. इथे चालकाशेजारची सीट उजवीकडे असते. खुर्ची पुढच्या भागात राहिली की भारही पुढे येतो, आणि थांबल्यावर काका खुर्ची बाहेर काढून दोन पावलांत काकूंच्या दारापाशी पोहोचतात, ट्रॉलीला वळसा नको. या कूपची दारंही मागच्या बाजूला बिजागरी असलेली, पुढून उघडणारी. त्यामुळे काकूंना पाठ वळवून सीटवर टेकता येतं, मग पाय आत घ्यायचे. पुन्हा काटा लावला. ७१ पौंड. म्हणजे ३२ किलो, एकूण वजनाच्या बारा टक्क्यांच्या किंचित खाली. आण्णांनी तोपर्यंत हाताने उचलून “आता बरी” म्हटलंच होतं.

काकू खुर्चीत बसून हे सगळं दारातून पाहत होत्या. त्यांचं बोलणं थोडं अडखळतं. त्या लेकीला म्हणाल्या, “तो शब्द पुन्हा सांग.” उलाळ. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिला. ‘ळ’ काही आला नाही, ‘उलाल’ झालं. तेव्हापासून काकांनी कुठलंही काम बिघडलं की त्या म्हणतात, उलाल.

बाकीचं काम भराभर झालं. दिव्यांच्या वायरी लेकीने जोडल्या: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या सिग्नलची, हिरवी उजव्या. हुकाच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून फुली मारून लावायच्या, म्हणजे चुकून हुक निसटला तरी दांडी रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडते. ही फुलीची पद्धत आण्णांना नवीन होती. पाट्यातला एक पाटा त्यांनी कमी केला, एवढ्याशा वजनाला ट्रॉली उगाच उड्या मारत होती. चासीला बसवलेला हुकाचा गोळा काढता-घालता येतो, कारण मेळ्यात उभी असताना गाडीच्या मागे काही लोंबलेलं काकांना चालणार नव्हतं. पत्र्यावर तोच लाल रंग. घरी बनवलेल्या ट्रॉलीलाही इथे नंबर लागतो, त्यासाठी ती वजनकाट्यावर नेऊन पावती आणावी लागली. पावती आण्णांनी मागून घेतली, ती आता गावच्या वर्कशॉपमध्ये लक्ष्मीच्या फोटोच्या चौकटीत खोचलेली आहे.

जूनमध्ये रिकाम्या शाळेच्या पटांगणात रिव्हर्सचा सराव झाला. ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं, आणि ती जितकी आखूड तितकी चटकन दुमडते. काकांना तीन वेळा जमलं नाही. आण्णांना पहिल्याच फटक्यात जमलं, अर्थात गाडी त्यांना चालवू दिली नव्हती. ते खिडकीशी चालत हाताने दाखवत होते, ऊस कारखान्याच्या गव्हाणीवर ट्रॅक्टरवाल्याला दाखवतात तसं, आणि मराठीत ओरडत होते. काका ऐकत होते. कोणत्या भाषेत, ते मला विचारू नका.

आण्णांचं तिकीट २८ जुलैचं होतं आणि मेळा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मी तिकीट पुढे ढकलू म्हटलं. ते नको म्हणाले. हंगामाच्या ट्रॉल्यांच्या ऑर्डरी आल्या होत्या, पुतण्याला एकट्याला झेपणार नाहीत म्हणाले. मार्चमध्ये वर्कशॉपचं नावही न काढणारा माणूस. विमानतळावर निघताना काका त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेले. पाच मिनिटं आत होते. काय बोलले असतील!

निघायच्या दिवशी सकाळी सहाला मी अंगणात होते. काकूंनी डोक्याला लाल रुमाल बांधला होता. खुर्ची घडी होऊन बाजूच्या दारातून आत गेली. इथून लुईव्हिल साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, सगळा आंतरराज्य महामार्ग ७१. वाटेत सिनसिनाटीला ओहायो नदी ओलांडली की केंटकीचा चढ लागतो. गाडी कोपऱ्यावर वळली, मागोमाग ट्रॉली वळली. अजिबात डुलली नाही.

तिकडे गावी दुपारचे साडेतीन वाजले होते. आण्णांचा फोन आलाच. “निघाली का? त्यांना सांग, पहिल्या ऐंशी किलोमीटरवर थांबा आणि हबाला हात लावून बघा. गरम लागलं तर बेअरिंग घट्ट बसलंय.” मी काकांना मेसेज केला. दीड तासाने उत्तर आलं. दोनच ओळी होत्या: हब गार आहेत. ती झोपलेली नाही, रस्ता बघते आहे.

मी ते आण्णांना मराठीत वाचून दाखवलं. पलीकडे ग्राइंडरचा आवाज चालू होता. तो थांबला.

“बरं,” आण्णा म्हणाले. “चाकाचे नट परत एकदा आवळायला सांग.”