पश्चिमेची भिंत

रंग म्हटला की साहित्याच्या तासाला इंद्रधनुष्य आठवते, संध्याकाळचे आभाळ आठवते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी मात्र रंग म्हणजे लिटर, चौरस फूट आणि रुपये, एवढेच होते.

आमचे गाव पाटण तालुक्यात. २०२२ साली आम्हाला घरकुल मंजूर झाले. अनुदान १ लाख २० हजारांचे. त्यात आणि थोड्या उसनवारीत भिंती उभ्या राहिल्या. गिलावा आबांनी स्वतः केला. आबा गवंडी. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांवरून त्यांची थापी फिरली आहे. पण आमच्या घराच्या अंगावर दोन पावसाळे सिमेंटचा करडा रंगच होता. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. दुसऱ्या वर्षी त्या भिंतीला आतून ओल आली. भिंतीलगत आजीची खाट, वर फळीवर माझी पुस्तके. भाद्रपद येईतो पुठ्ठ्यांवर बुरशी चढली आणि आजीचा खोकला रात्रभर ऐकू येऊ लागला.

परीक्षा संपल्यावर आबा आणि मी कऱ्हाडला गेलो. जवळ चार हजार रुपये. दुकानदारांनी प्रकार सांगितले. डिस्टेंपर स्वस्त, पण ते आतल्या भिंतीचे. बाहेरच्या पावसात त्याचा निभाव लागत नाही. सिमेंट पेंट म्हणजे पांढऱ्या सिमेंटची रंगीत पूड. भिंत भिजवून लावायची आणि नंतरही पाणी मारीत राहायचे. बाहेरचे इमल्शन महाग, पण पाणी अडविण्यात सरस. त्याला मात्र भिंत कोरडी ठणठणीत हवी. एकाला पाणी हवे, दुसऱ्याला त्याचे वावडे!

दुकानदार सारे मलाच सांगत होते. "ताई, तुम्ही शिकलेल्या. डब्यावर सगळं लिहिलंय, वाचा." मी इंग्रजी मजकूर वाचून आबांना मराठीत सांगत होते. घरातल्या पहिल्या कॉलेजकन्यकेचे हे पहिलेच उपयोगी वाचन! आबा पाऊलभर मागे उभे होते. ज्यांचा जन्म भिंतींत गेला, तेच तिथे पाहुण्यासारखे.

मग त्यांनी हळूच विचारले, "खार फुटलाय तितं ह्यो धरंल का?"

याचे उत्तर मी वाचलेल्या मजकुरात नव्हते. दुकानदारांनी प्रथमच आबांकडे नीट पाहिले. खार घासून काढा, भेगा बुजवा, भिंत पुरती वाळू द्या, मग प्राइमर; नाहीतर रंगाला फुगे येऊन पापुद्रे सुटतील, असे ते म्हणाले. पुढचे सारे बोलणे त्या दोघांतच झाले. मी ऐकत होते आणि मला बरे वाटत होते.

हिशेब मी मांडला. खिडक्या-दारे वजा जाता चारी भिंती ७०० चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे ५० फूट धरले तर इमल्शन १४ लिटर लागणार. ते आमच्या आवाक्यात नव्हते. पश्चिमेची भिंत तेवढी २०० फूट, म्हणजे ४ लिटर. आबा म्हणाले, "चांगला रंग मागं लावू. बाकी तिन्ही बाजूंना सिमेंट पेंट."

दाराची बाजू पूर्वेला, रस्त्यावर. लोक चांगले ते दर्शनी बाजूला लावतात, मागची बाजू कुणी पाहत नाही. आई थोडी हिरमुसली. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "पावण्यांनी काय मागल्या अंगानं यायचं व्हय?" आबा म्हणाले, "पावणं दारानं येत्यात, पाऊस तिकडनं येतोय."

रंग आम्हीच दिला. दोन्हीकडे फिकट पिवळाच घेतला, कारण गडद छटेला पैसे जास्त पडतात. तरी कोपऱ्यावर उभे राहिले की दोन रंगांतला फरक दिसतो. पाहुणे विचारतात, आई अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेते. मी मात्र खरे ते सांगते. ऐपत थोडी असली की ती कुठे खर्चायची, हे माणसाला ठरवावे लागते. आबांनी ती न दिसणाऱ्या बाजूला खर्चली. यंदाच्या पावसाळ्यात माझी पुस्तके कोरडी राहिली, आणि आजीने खाट भिंतीपासून हलविली नाही.