आधी ऐकून घ्या

मंगळवार, २ डिसेंबर २०२५
‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकरणांचा तपास सर्वोच्च न्यायालयाने काल सीबीआयकडे सोपवला. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचेच खोटे आदेश दाखवून लुबाडलं होतं. त्यांच्या तक्रारीवरून न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला. मुंबईतल्या ८६ वर्षांच्या बाईंचे तर २० कोटींहून अधिक गेले. दोन महिन्यांहून जास्त काळ हे चाललं होतं. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पण पडद्यावर खाकी वर्दी दिसते, आणि वर धमकी, ‘कुणाला सांगितलंत तर मुलांनाही आत घेऊ.’ मुलांना वाचवायचं म्हणून म्हातारं माणूस गप्प बसतं. याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते.

गुरुवार, ४ डिसेंबर
शेजारच्या आजी फोन घेऊन आल्या. मेसेज होता: मागचं बिल भरलेलं दिसत नाही, रात्री साडेनऊला वीज तोडू, खालच्या नंबरवर बोला. दुसऱ्या गावात माणूस अंधाराला घाबरेल. आमच्या भिवंडीत वीज गेली की यंत्रमाग थांबतात आणि मजुरी बुडते, म्हणून हा मेसेज इथे जास्त बोचतो. आजी मात्र बधल्या नाहीत. मेसेजमध्ये नाव महावितरणचं, आणि आपल्याकडे २००७ पासून वीजवाटप टोरंट कंपनीकडे. घरचं बिल दर महिन्याला त्याच भरतात, त्यामुळे ही गोम त्यांना लगेच दिसली. त्या नंबरवर बोललं की समोरचा एखादं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि आपला पडदा त्याला दिसू लागतो, ओटीपीसकट. लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या एपीके फायलींतूनही असाच फोनचा ताबा जातो.

रविवार, ७ डिसेंबर
ओळखीची एक बाई रडत आली. नववीतल्या मुलीचा इन्स्टाग्रामवरचा फोटो घेऊन कुणीतरी त्याचा अश्लील फोटो बनवला आणि पैसे मागतोय. मुलीने सांगितलं ते मामीला. आईला का नाही? ‘मम्मी फोन काढून घेईल, शाळाही बंद करेल.’ आई खरंच तेच म्हणत होती. मी तिला बसवलं, पाणी दिलं. पैसे द्यायचे नाहीत. चॅट पुसायचं नाही. स्क्रीनशॉट आणि त्या खात्याचं नाव जपून ठेवायचं. पॉक्सो कायद्यात मुलीची ओळख उघड करायला बंदी आहे, तेव्हा बदनामीच्या भीतीने पोलिसांत जायचं टाळू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. असे फोटो इंटरनेटवरून काढायला मदत करणारी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठराच्या आतल्या मुलांच्या फोटोंसाठीच आहे. त्यात फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही, फक्त त्याची ओळखखूण जाते. सगळं ऐकल्यावर आईने मुलीला जवळ घेतलं. उद्या दोघी तक्रार द्यायला जाणार आहेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० नंबर आजच भरून द्या. तक्रार लगेच गेली तर पैसे पुढच्या खात्यांत पळण्याआधी बँकेला अडवता येतात. मुलांकडून १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ करून घ्या. आणि घरातलं कुणी घाबरत काही सांगायला आलं, तर त्या दिवशी तरी ओरडू नका.