मूठ वळेना

कापूस वेचायला चिमूट लागते, खुरप्याला घट्ट मूठ. माझ्या उजव्या हाताला दोन्ही जमेना. कढईतलं उकळतं तेल हाताच्या पाठीवर सांडलं होतं. मांडीची कातडी काढून लावली, जखम भरली, घरच्यांना वाटलं सुटलो. पण भरलेली जागा हळूहळू जाड, लाल, कडक होत गेली. मूठ वळायला घेतली की व्रण ताणून पांढरा पडायचा आणि बोटांची टोकं तळव्यापासून लांबच राहायची. रात्री खाज अशी सुटायची की झोप मोडायची.

शेवटी व्रणावर लेझर करायचं ठरलं. पण आमच्या फुलंब्रीत लेझर म्हटलं की चेहऱ्याचे डागच आठवतात. ‘या वयात हाताला कशाला नट्टापट्टा?’ असं बायका म्हणाल्या, तेव्हा फार लागलं. मला खुरपं धरायचं होतं. संभाजीनगरच्या प्लास्टिक सर्जन मॅडमनी आधीच सांगितलं, “ताई, डाग राहील. कातडी सैल व्हावी, हात वळावा, यासाठी हे करतोय.”

बधिर करणारं मलम लावून बसवतात, डोळ्यांवर चष्मा चढवतात. किरण दिसत नाही. टकटक ऐकू येते, चटके बसतात, केस जळाल्याचा वास येतो. कातडीतलं पाणी तो किरण शोषून घेतं आणि तेवढ्याच बारीक जागेची वाफ होते. माझ्या व्रणावर ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. ठिपक्यांमधली कातडी शाबूत ठेवतात, तिच्यामुळेच जखम लवकर भरते. त्या छिद्रांवर लगेच स्टेरॉइडचं औषध सोडलं, म्हणजे ते खोल मुरतं.

हा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. लेकीनं हे वाचून दाखवलं, तेव्हा मला त्या यंत्राबद्दल आपुलकीच वाटली.

पण नुसत्या लेझरनं हात मोकळा होत नाही, हे मी भेटेल त्या प्रत्येकीला सांगते. छिद्रं भरली की व्रणाला तेल लावून चोळायचं, दुसऱ्या हातानं एकेक बोट दाबून वाकवायचं, दुखलं तरी थोडा वेळ तसंच धरायचं. सैल झालेली कातडी ताणली नाही तर पुन्हा आखडते. दोन लेझरमध्ये काही आठवडे जातात. खरी मेहनत त्याच आठवड्यांत असते. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, सून कुरकुरते, तरी व्यायाम चुकवायचा नाही.

खाज बरीच कमी झाली. यंदा खुरप्याची मूठ हातात बसते, कापूसही वेचते. करंगळी मात्र तशीच ताठ आहे. तिचा सांधाच आखडलाय, तिथे लेझरचा उपयोग नाही, असं मॅडम म्हणतात. वेचणी आटोपली की तिच्या ऑपरेशनचं विचारायला जायचंय.