आजींची कुंडी

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध आजी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे नागपूरला निघाल्या. यजमान निवर्तल्यापासून त्या भोपाळात एकट्याच राहतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी रिक्षातून एक कुंडी आणून माझ्या दाराशी ठेवली.

"फादर, ह्यांनी शेवटच्या वर्षी आणलेलं झाड आहे. पाणी बेतानं घाला हं."

मी हसून म्हणालो, "आजी, मी वसईच्या बागाईतदाराचा मुलगा! झाडाला पाणी कसे घालावे ते मला ठाऊक आहे."

वाचकहो, हे वाक्य मला पुढे फार महागात पडले.

झाड होते ड्रॅसिनाचे. काठीसारखा सरळ बुंधा आणि माथ्यावर लांब पात्यांचा झुबका. ही मंडळी बहुतांशी आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातली. आता घरोघरी खिडकीशी दिसतात. बाजारात 'लकी बांबू' म्हणून जे विकतात तेही ड्रॅसिनाच, बांबूशी त्याचे काही नाते नाही.

रोज सकाळच्या मिस्सानंतर मी त्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतू लागलो. बाहेर भोपाळचा पावसाळा धो धो कोसळत होता, खोलीतल्या भिंतींनाही ओल आली होती. पण नेम म्हणजे नेम. तिसऱ्या आठवड्यात खालची पाने पिवळी पडली व वरची माना टाकू लागली. बिचारे तहानले असावे, असे वाटून मी दोन तांबे घालू लागलो. आणखी आठ दिवसांनी कुंडीजवळ कुबट वास येऊ लागला. बुंधा दाबून पाहिला, तो मातीलगत पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला. झाड उपसले, तर मुळे काळी व बुळबुळीत झालेली. बोटांत धरताच त्यांची साल निसटून आली.

मुळांनाही श्वास लागतो, हे मी विसरलो होतो. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते. तेथे सतत पाणी साचून राहिले की मुळे गुदमरतात आणि मग त्यांना बुरशी धरते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून चिखलात उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडासारखीच मान टाकते, आणि आपण दयाबुद्धीने त्याला आणखी बुडवतो! आमच्या वाडीतली जमीन वाळूमिश्रित. केळीच्या आळ्यात जास्त झालेले पाणी ती मुकाट्याने खाली झिरपू देई. माझ्या बागाईतीच्या अभिमानातला बराचसा वाटा त्या वाळूचा होता. कुंडीला मात्र एकच भोक, आणि त्याखाली मी बशी ठेवलेली, तीही सदैव भरलेली.

मऊ भागाच्या पुष्कळ वर, जेथे बुंधा आतून पांढरा व टणक लागला, तेथे मी शेंडा कापला. एक दिवस सावलीत ठेवून तो जाड वाळूत खोचला, आणि वाळू जेमतेम ओलसर राखली.

आजींना कळवणे त्याहून अवघड गेले. लोकांचे पापनिवेदन ऐकणारा मी, फोन उचलून तीन वेळा खाली ठेवला. चौथ्यांदा सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजी म्हणाल्या, "शेंडा हिरवा आहे ना? मग बघू."

सुमारे सहा आठवड्यांनी शेंड्याला मुळे फुटली. आता मी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहतो. ओल लागली तर तांब्या परत नेतो. कोरडे लागले तर मात्र खालच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत घालतो आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करतो. रोज घोटघोट पाणी दिल्याने वरचीच माती भिजते आणि क्षार साचतात. मे महिन्यात पाणी साधारण आठवड्याला लागते, पावसाळ्यात व थंडीत दोन-तीन आठवडेही लागत नाही. तरी पंचांगापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. कूलरजवळच्या दमट हवेत तर माती आणखी हळू सुकते.

पात्यांची टोके तपकिरी होऊ लागली, तर पाण्याकडेही पाहावे. ड्रॅसिनाला फ्लोराइड सोसत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट अधिक दाट होते. भोजराजाच्या नावाचा एवढा मोठा तलाव गावाच्या उशाशी असूनही आमच्या आवारात बोअरचे जड पाणी येते. म्हणून पागोळ्यांखाली पिंप ठेवून मी पावसाचे पाणी साठवले.

ऑक्टोबरात आजी परतल्या. नवा चष्मा सावरीत त्यांनी वीतभर उंचीच्या त्या रोपाकडे कितीतरी वेळ पाहिले. तेवढ्यात पाहुण्यांपुढे कर्तव्यदक्षता दाखवावी म्हणून मी तांब्या उचलला. आजींनी मातीत बोट घातले.

"आज नको, फादर," त्या म्हणाल्या, "परवा घाला."

आणि कुंडी न नेताच त्या घरी गेल्या.