पशिवी

मागच्या महिन्यात चौकला गेलो होतो. ओटीवर आई आणि माझा भाचा, दोघांच्या मध्ये आईचा फोन. समोर इर्शाळगड ढगात. विषय असा की आईच्या बँकेचं ॲप त्या फोनवर चालेनासं झालंय. फोन ठणठणीत आहे, पण कंपनीने त्याला नवीन अँड्रॉइड देणं बंद केलं आणि बँकेला जुनं चालत नाही. भाचा म्हणत होता, "आजी, मी याचं कुलूप काढून दुसरी सिस्टीम टाकतो. फुकट."

आईने पहिला प्रश्न विचारला तो असा, "पोलीस नाही ना येणार?"

भाचा हसला. मी नाही हसलो, कारण २०११ साली हाच प्रश्न मलाही पडला होता.

तेव्हा मी हौसेने पहिला अँड्रॉइड फोन घेतला. आईकडे बटणांचा साधा फोन. गंमत म्हणजे त्या स्वस्तातल्या फोनवर मराठी लिहिता यायचं, आणि माझ्या महागड्या फोनवर तिचा मेसेज नुसते चौकोन होऊन यायचा. चौकहून आलेले चौकोन :) ऑपेरा मिनीची ती सेटिंगमधली युक्ती आपल्यातल्या जुन्या ब्लॉगवाल्यांना आठवत असेल. तिने ब्लॉग वाचता यायचे, मेसेज नाही. शेवटी एका रात्री फोन रूट केला, देवनागरी अक्षरं असलेली फाँटची फाईल आत सरकवली. अक्षरं आली, पण वेलांट्या भलत्याच जागी! आईची 'पिशवी' मला 'पशिवी' दिसायची. जोडाक्षरं तर पाय मोडून पडलेली. तरी वाचता येत होतं, मला तेवढं पुरे होतं. पुढे स्पीकर बिघडला तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं, सॉफ्टवेअरला हात लावलाय, वॉरंटी गेली. स्पीकरचा आणि वेलांटीचा काय संबंध, हे काही त्याने सांगितलं नाही. असो.

तर पोलीस. आपल्याकडे पोलीस आले होते, खरंच. २००३मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने साडेदहा हजारांचा फोन थोडे पैसे भरून आणि तीन वर्षांच्या कराराने दिला होता. अट एकच, फोन फक्त त्यांच्याच सेवेवर चालणार. टाटा इंडिकॉमची काही माणसं त्या फोनचा अंक, म्हणजे ईएसएन, बदलून गिऱ्हाईकं आपल्याकडे ओढतात अशी तक्रार झाली आणि हैदराबादेत गुन्हा नोंदला गेला. २००५मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सांगितलं की मोबाईल हा कायद्याच्या दृष्टीने संगणकच आहे, आणि हा अंक बदलणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६५मध्ये येऊ शकतं. कलम ६५ म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड. कोर्टाने कुणाला दोषी ठरवलं नाही, पण खटला रद्दही केला नाही.

मी तेव्हा हे वाचून टरकलो होतो. नीट पाहिलं तर तिथे भानगड फोनची ओळख बदलण्याची होती, मालकाने आपल्या फोनमध्ये आपली भाषा घालण्याची नव्हे. आयएमईआय बदलणं आजही गुन्हाच आहे आणि असायलाच हवा, नाहीतर चोरीचे फोन सापडायचे कसे? कुलूप तोडण्याबद्दल आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ए हे कलम आलं. त्यात कॉपीराइटचा भंग करण्याच्या इराद्याने तोडलं तर शिक्षा आहे. इराद्याने, हा शब्द मला फार आवडतो. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने कुलूप तोडायलाच बंदी घातली, आणि मग सवलत कुणाला द्यायची हे दर तीन वर्षांनी तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथपालांनी ठरवायचं! (ग्रंथपालांनी! आपल्याकडच्या ग्रंथपालांना पगार वेळेवर मिळाला तरी पुष्कळ.) त्यांनी २०१० साली आयफोनचं जेलब्रेकिंग चालेल म्हटलं. २०१३च्या जानेवारीपासून नव्या फोनचं नेटवर्कचं कुलूप काढण्याची सूट गेली, आणि २०१४मध्ये ओबामांच्या सहीने ती परत आली. एकच कृत्य, एका वर्षी गुन्हा आणि पुढच्या वर्षी नाही.

हे सगळं मी आईला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोलीस येणार नाहीत. मग बँक चालेल ना?"

आता भाच्याची पंचाईत झाली. कारण कुलूप काढलेला फोन ओळखून बँकांची बरीच ॲप्स उघडतच नाहीत. म्हणजे जुनी सिस्टीम ठेवली तर ॲप नाही, नवी टाकली तरी ॲपचा भरवसा नाही. कायद्याने अडवलं नाही, पण रस्ता काही मोकळा नाही. माणसाने नवा फोन विकत घ्यावा एवढीच काय ती सोय.

"अरे, पण तो माझा आहे ना?" आई दोनदा म्हणाली. पैसे तिने पेन्शनमधून दिले होते.

मी तिला नवा फोन घेऊन दिला. जुना भाचा घेऊन गेला, त्याचं कुलूप काढायला. निघताना आईने त्याला बजावलं, "आतले फोटो आधी काढून दे मला, मग काय ते तोड."