कापडाची वही

१२ जुलै ही तारीख आमच्या घरात कधी दिनदर्शिकेत शोधावी लागली नाही. १९६१ साली त्या दिवशी बुधवार होता. बुधवार म्हणजे आमच्या आईच्या नोव्हेनाचा दिवस. नित्य साहाय्य मातेच्या तसबिरीपुढे ती सकाळीच दोन फुले ठेवी आणि संध्याकाळी आम्हा भावंडांना भोवती बसवून प्रार्थना म्हणे. त्या बुधवारची फुले तिने ठेवली होती. संध्याकाळ मात्र त्या खोलीत झालीच नाही.

आंबी नदीवरचे पानशेतचे धरण तेव्हा अजून पुरते बांधून झालेले नव्हते आणि त्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठवले गेले होते. आदल्या रात्री जवान आणि कामगार मातीच्या पोत्यांनी बांध सावरत होते. त्यांच्या त्या धडपडीमुळे धरण रात्रीऐवजी उजाडल्यावर फुटले आणि हजारो पुणेकरांचे प्राण वाचले, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी समजले. पानशेतचे पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणात शिरले, तेही खचले आणि मुठेने पेठा गिळल्या. लकडी पूल पाण्याखाली गेला. कसबा पेठेत नदीच्या अंगाला असलेल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. वाडा मातीविटांचा. अशा भिंती पाण्यात पडत नाहीत, विरघळतात.

आई, अण्णा आणि आम्ही चार भावंडे अंगावरच्या कपड्यांनिशी नाना पेठेत मावशीकडे पोहोचलो. धाकटा चार वर्षांचा, तो आईच्या कडेवर. अक्काच्या हाती तांदळाचा डबा. तसबीर भिंतीवरच राहिली.

अण्णा शिंपी होते. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, त्यामुळे गणवेशांचे कापड दुकानात थप्पीने पडलेले. शिवाय कोटांची, लग्नाघरची कामे. चार दिवसांनी चिखल उपसताना दोन मशीनांपैकी एक सापडले. रॉकेलने पुसून पुसून अण्णांनी ते चालते केले. कापड मात्र सगळे गेले होते आणि ते अण्णांचे नव्हते, गिऱ्हाइकांचे होते. कोणाचे किती वार, याची वहीदेखील पुरात गेलेली.

मावशीच्या पडवीत कंदिलाशी बसून अण्णांनी नवी वही घातली. आठवून आठवून नावे लिहिली. सदतीस नावे. प्रत्येकापुढे कापडाचा प्रकार, वार आणि रंग. आई म्हणाली, "अहो, पूर सगळ्यांनाच आला. कोण मागायला येणार आहे?" अण्णा एवढेच म्हणाले, "मागायला यायला नको, म्हणून तर लिहितोय."

त्या दिवसांत ओळखीचे एक गृहस्थ समाचाराला आले. पुण्यात पाप फार झाले होते, त्याची ही शिक्षा, असे ते मोठ्या खात्रीने सांगू लागले. अण्णांनी ऐकून घेतले आणि विचारले, "शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला, ते इतरांपेक्षा पापी होते काय? प्रभूने काय उत्तर दिले आहे?" गृहस्थ चहा न घेताच उठले. लूकच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग आमच्या प्रवचनांतून फारसा येत नाही. प्रभू तेथे त्या अठरा जणांवर ठपका ठेवत नाही; पण बुरूज का पडला, हेही सांगत नाही. ऐकणाऱ्यांना तो पश्चात्तापाकडे वळवतो आणि विषय तेथेच सोडतो. आमची सारी अडचण त्या न सांगण्यातच आहे.

कारण खरा आघात पुढेच होता. ऑक्टोबरात धाकट्याला विषमज्वर झाला आणि अकराव्या दिवशी तो गेला.

त्याविषयी फार लिहिता येणार नाही. शवपेटीला आतून लावायचे पांढरे कापड अण्णांनी त्याच मशीनवर शिवले, एवढे आठवते.

त्यानंतर अण्णा चर्चच्या आत येईनासे झाले. आमचे सिटी चर्च १७९२ सालचे, सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले. रविवारी अण्णा आम्हाला तेथे घेऊन येत, आम्हाला आत पाठवीत आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर उभे राहत. पावसातही. एकदा अक्काने धीर करून विचारले, "अण्णा, तुम्ही आत का येत नाही?"

"आत आलो तर भांडण होईल."

"मग घरीच का नाही थांबत?"

"घरी थांबलो तर त्याला वाटेल, मी विसरलो."

हा 'तो' कोण, हे अक्काने विचारले नाही. आम्ही भावंडांनी पुढे यावर पुष्कळ वाद घातला. कोणी म्हणे देव, कोणी म्हणे धाकटा.

आईचे वेगळे. तिने मावशीच्या घरी दुसरी तसबीर लावली आणि बुधवार एकही चुकवला नाही. पण तिची नोव्हेना आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. पुस्तकातली प्रार्थना झाली की ती मातेला सुनवायची. "तुझाही मुलगा गेला, मग तुला कळायला नको?" इतक्या उघड शब्दांत. आम्ही मुले भेदरून जात असू. ईयोबाचे पुस्तक पुढे वाचले, तेव्हा कळले की देवाला असे बोलणे चालते. त्याची बाजू घेऊन गोडगोड बोलणाऱ्या मित्रांवरच तो शेवटी रागावला.

चर्चबाहेर उभे राहण्याला दोन वर्षे होत आली असताना एका रविवारी अण्णा आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. का, ते त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पुढे नातेवाइकांत ही हकिकत सांगताना आम्ही तिला गोड शेवट जोडत आलो. देवाने सावरले, पुन्हा घर झाले, दुकान झाले, असे. ते खोटे नाही. पण धाकटा परत आला नाही आणि अण्णांनी त्याची भरपाई कधी कशातही मोजली नाही. ज्यांना पूरग्रस्त वसाहतीत घर मिळाले त्यांच्यावर कृपा झाली आणि वाहून गेलेल्यांवर झाली नाही, असला हिशेब त्यांनी आमच्यासमोर कोणाला करू दिला नाही.

हिशेब केला तो कापडाचा. रात्री उशिरापर्यंत जादा काम करून ते एकेकाचे कापड विकत घेत, शिवत आणि सायकलवर घालून पोहोचवत. तोवर गणवेशाची मुले मोठी झालेली, मापे बदललेली. काहींनी हात जोडून नको म्हटले. त्यांच्या नावापुढे अण्णांनी "माफ केले" असे लिहिले. सदतीसातली छत्तीस नावे खोडायला १९६८ साल उजाडले.

सदतिसावे गृहस्थ ओंकारेश्वराजवळ राहत. राखाडी गॅबर्डीन, साडेतीन वार. त्यांचा ठाव लागला नाही. शेजारीही पांगलेले. अण्णांनी ते नाव खोडले नाही. दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, ते मिस्सासाठी दोन नावे लिहून देत, एक धाकट्याचे आणि एक या गृहस्थांचे. ते हिंदू आहेत, कदाचित जिवंतही असतील, असे कोणी सुचवले तर म्हणत, "जिवंत असतील तर त्यांना बाधणार नाही."

पानशेतचे धरण पुन्हा बांधून १९७२ साली पुरे झाले. खडकवासलाही उभे राहिले. आज आम्ही नळाला तोंड लावतो ते त्याच नदीचे पाणी. आई शेवटपर्यंत पहिला पेला भरताना क्षणभर थांबत असे.

अक्का २०२० च्या सप्टेंबरात कोविडने गेली. दफनभूमीत आम्हाला जाता आले नाही. भाऊ त्याच्या घरी आणि आम्ही आमच्या घरी, फोन कानाला लावून, जपमाळ म्हटली. तिसऱ्या रहस्याशी भाऊ अडखळला आणि पुढे बोलेना. आम्हीही बोललो नाही. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अण्णांसारखे बाहेर उभे राहावेसे वाटते." चर्च तेव्हा बंदच होती.

वही अक्काकडे होती. तिच्या कपाटातून ती आम्हाला मिळाली. पुठ्ठा सुटला आहे, शाई फिकट झाली आहे, राखाडी गॅबर्डीन अजून वाचता येते. त्याच पानाच्या समासात अक्काच्या अक्षरात अण्णांच्या आणि आईच्या मृत्यूच्या तारखा आहेत. खाली जागा उरली होती, तेथे भावाने तिची तारीख लिहिली. या नोव्हेंबरात आम्ही चर्चच्या कार्यालयात पाच नावांची चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेणाऱ्या मुलाने शेवटच्या नावाशी बोट ठेवून विचारले, "हे आपल्यापैकी का?"

भाऊ म्हणाला, "हो. त्यांचे कापड आमच्याकडे आहे."